पाच, पाच, चार

"चारला फळा बंद होतो," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "मंगळवारी वडिलांच्या दुःखामुळे मन ठिकाणावर नव्हतं, एवढं लिही. लाल कागद रद्द होईल. तू पुन्हा तिसरी."

तिसरी म्हणजे लढाऊ विमान. आमच्या नऊ जणांच्या तुकडीत पहिल्या तिघांनाच ते मिळणार होतं. बाकीच्यांच्या वाट्याला वाहतुकीची विमानं. प्रत्येक उड्डाणाला चौदा बाबी, प्रत्येक बाबीला पाचपैकी गुण. बेरजेवरून क्रमांक, आणि क्रमांक ब्रीफिंगच्या खोलीतल्या फळ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. हवेत इन्स्ट्रक्टरला विमान स्वतःच्या हाती घ्यावं लागलं, तर लाल कागद आणि त्या उड्डाणाला भोपळा. मंगळवारच्या भोपळ्याने मी तिसरीची पाचवी झाले होते.

मंगळवारी बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. घरात कुणी गेलं तर दहा दिवस उडायचं नाही असा नियम आहे. इन्स्ट्रक्टरने सही केली तरच सूट. ती सही मी हात धुऊन मागे लागून मिळवली होती.

सही करणारा दारातच उभा होता. आम्ही त्याला कात्री म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

"लिहिलंस?"

"अजून नाही, सर."

"लिही की. लाजतेस कशाला? दुःखातली मुलगी उडवली म्हणून चौकशी माझी होईल, तुझं काय जातंय? बापाच्या मागे लपायचं होतं, तर तेव्हाच घरी बसायचंस. तेव्हा माझ्या दारात पोपटासारखी, 'सर, मी ठीक आहे, सर, मी ठीक आहे!'"

"ठीकच होते."

"मग चाकं कोणी सोडायची होती? माझ्या आजीनं?"

मी ब्रीफिंगच्या खोलीत गेले. फळ्याखाली माझ्याच तुकडीतला काडी बसला होता. माझ्या लाल कागदामुळे तो चौथ्याचा तिसरा झाला होता. माझ्या हातातला फॉर्म त्याने पाहिला.

"म्हणजे मी पुन्हा चौथा," तो म्हणाला. "छान. तुझे वडील गेले, वाईट झालं. माझे जिवंत आहेत, हा माझा गुन्हा का?"

"मी अजून काही लिहिलेलं नाही."

"लिहिशील. मीही लिहिलं असतं." तो उठला आणि खुर्ची पायानेच ढकलून बाहेर गेला.

'वडिलांच्या निधनामुळे' एवढं लिहून मी थांबले.

बाबा शहर बस चालवायचे. थांबा आला की हँडब्रेक दोनदा ओढायचे. एकदा बससाठी आणि एकदा माझ्यासाठी, असं म्हणायचे. शेवटी दवाखान्यात, खाटेच्या कडेची दांडीसुद्धा त्यांनी दोनदा ओढून पाहिली होती. ते गेल्यापासून मी घास घेताना, दात घासताना, बुटाची नाडी बांधताना तो हात पाहत होते.

मंगळवारी मात्र नाही. चाळीस मिनिटांत एकदाही नाही. वळण सुरेख बसलं: पाच. उंचीची सुई हलली नाही: पाच. रेडिओवर जरा अडखळले: चार. आरशात मागच्या सीटवर कात्रीची पेन्सिल हलताना दिसत होती, आणि मी त्याच्या आधीच बेरीज करत होते. पहिल्या दोघांना गाठता येईल का, काडी किती मागे पडेल. मला मजा येत होती. तेवढ्यात भोंगा वाजला आणि मागून ओरडणं आलं, "सोड! माझ्याकडे!" धावपट्टी दोनशे फुटांवर होती आणि चाकं अजून पोटात.

दुःखाने माझा घात केला नव्हता. गुणांच्या हावेने केला होता.

मी लिहिलेलं खोडलं आणि खाली लिहिलं: 'मंगळवारी मी उड्डाणासाठी योग्य होते. चाकं सोडायला विसरले.' पावणेचार वाजता फॉर्म टेबलावर ठेवला. मोठ्या साहेबांनी वाचून तो कात्रीकडे दिला.

"उपकार करतेस माझ्यावर?"

"नाही, सर."

"मग दुःख नव्हतं. नुसता गाढवपणा."

"हो."

"गाढव ते गाढवच." त्याने कागद परत टाकला. "जा, बापाचीच लाइन धर. माणसं वाहा."

"एकतीस वर्षांत ते एकदाही ब्रेक विसरले नाहीत, सर."

"तू विसरलीस," तो म्हणाला आणि निघून गेला.

चारला फळ्यावरच्या नावांना चौकटी पडल्या, क्रमांक पक्के झाले. काडी माझ्याकडे न बघता जवळून गेला. मी आईला फोन लावला.

"पाचवी," मी सांगितलं.

"नवांत?"

"नवांत."

"बरं," ती म्हणाली. "हे असते तर यांनी विचारलं असतं, मागे माणसं बसतात का त्यात."

"बसतात," मी म्हणाले आणि फोन ठेवला.