निम्मं, पण चार वर्षांत

माझ्या नाकावर राग असतो, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी कुणालाही आला असता. नणंदेने माझ्यापुढे दोन पानी करार ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, वाच आणि सही कर."

कंपनी आमच्या दोघींची. मी लहान मुलांच्या पायाची स्प्लिंट बनवते, वाकडं पडणारं पाऊल सरळ धरणारी. पूर्वी मापासाठी पोराचा पाय ओल्या प्लास्टरमध्ये धरून ठेवावा लागायचा, आणि पोर इमारत डोक्यावर घ्यायचं. नणंद कॉम्प्युटरवाली. तिने नुसत्या फोटोंवरून माप घेणारा प्रोग्राम लिहिला. पहिलं पोर न रडता बाहेर पडलं, तेव्हा मला इतकं भरून आलं की हाताशी असलेल्या पावलाच्या प्लास्टरच्या साच्यावर मी पेन्सिलने लिहून टाकलं, 'निम्मं तुझं, निम्मं माझं.' पेशंटचं नाव, तारीख, सगळं आम्ही साच्यावरच लिहितो. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

आणि आता हा कागद! शेअर निम्मे-निम्मेच, पण लगेच नाही. चार वर्षं काम करायचं, तसतसे ते आपले होत जाणार. वर्षाच्या आत जी सोडेल, तिच्या हाती भोपळा.

"घरच्या माणसावर एवढा अविश्वास?" माझा आवाज चढला. "दोन वर्षं मी एकटी या धुळीत बसले, ती काय हवापालट म्हणून?"

"याला वेस्टिंग म्हणतात, वहिनी. दोघींना सारखंच आहे."

"चुलीत घाल ते वेस्टिंग!"

तीन दिवस आम्ही नवऱ्यामार्फत बोललो. म्हणजे आम्ही दोघी एकाच टेबलाशी, आणि तो बिचारा त्याच्या ऑफिसातून फोनवर. "तुझ्या बहिणीला सांग, सात नंबरचा साचा चुकलाय." "वहिनीला सांग, तिने उलटा धरलाय." (उलटाच होता. असो.) चौथ्या दिवशी त्याने फोन उचलणंच बंद केलं.

त्या संध्याकाळी ती बॅग भरत होती. रोज सगळं गोळा करून न्यायची, पाहुणी असल्यासारखी. लॅपटॉप, बाटली, चार्जरसुद्धा. भरता भरता थांबली आणि आतून एक पत्र काढून माझ्यापुढे धरलं. मोठ्या कंपनीतली नोकरी चालून आली होती.

"घेणार आहेस?"

"माहीत नाही. म्हणूनच तो कागद. अविश्वास तुझ्यावर नाही गं, माझ्यावर आहे. सहा महिन्यांत मी गेले, तर निम्मी कंपनी घेऊन जाईन. माझ्या जागी येणाऱ्याला मग तू काय देशील? साचा?"

माझा राग कुठच्या कुठे गेला. ही गेली तर पुन्हा ओलं प्लास्टर, पुन्हा त्या किंकाळ्या.

"आणि माझी दोन वर्षं?" मी हळूच विचारलं.

"ती धरायलाच हवी होती. चुकलंच माझं." तिने लगेच करार दुरुस्त केला. माझ्या वाट्यातले अर्धे शेअर त्याच दिवशी माझे, उरलेले अर्धे पुढच्या दोन वर्षांत. तिची चार वर्षं त्या दिवसापासून. मी सही केली, आणि साच्यावरच्या ओळीखाली लिहिलं, 'पण चार वर्षांत.'

त्या पत्राचं पुढे काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. ती रोज यायची, आणि संध्याकाळी चार्जर काढून न्यायची.

काल वर्ष पूर्ण झालं. तिच्या वाट्याचा चौथा हिस्सा आता तिचा. तो घेऊन ती खुशाल जाऊ शकत होती. दिवसभर माझा जीव टांगणीला. ती मात्र जमिनीवर मांडी घालून, एका चिमुरडीला वेडावून दाखवत तिच्या पावलाचे फोटो काढत होती. संध्याकाळी बॅग उचलली आणि निघाली. माझं लक्ष भिंतीकडे गेलं. मी जिन्यात धावले.

"अगं, चार्जर राहिला तुझा!"

"राहू दे गं वहिनी!" खालून आवाज आला. "घरी दुसरा घेतलाय. तो आता इथलाच."

मी पायरीवर बसले आणि चक्क रडले. मग नवऱ्याला फोन लावला.

"आता काय सांगू तिला?" त्याने घाबरतच विचारलं.

"काही नको," मी म्हटलं. "आमचं बोलणं झालंय."