ते गेले तर खांब कोणाचे?

वीजदर ठरवणाऱ्या आयोगाच्या कचेरीत त्याला सगळे ‘दशांश’ म्हणत. आकडा कधी ढोबळ सांगायचा नाही, ही त्याची खोड. चहाला किती वेळ आहे विचारलं तरी साडेतीन मिनिटं म्हणायचा. निवृत्तीला पाच वर्षं उरलेली, बायको जाऊन सहा झालेली. जवळचं माणूस म्हणाल तर धाकटी बहीण. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला लाँड्री चालवायची. दोन दवाखान्यांच्या चादरी तिच्याकडे यायच्या.

त्या वर्षी एका कंपनीला शहराबाहेर संगणकांनी भरलेलं अवाढव्य केंद्र उभारायचं होतं. त्या एका इमारतीला अख्ख्या शहराच्या निम्मी वीज लागणार होती. त्यासाठी नवं वीज-उपकेंद्र आणि चाळीस किलोमीटरची लाइन टाकायची, आणि वर कंपनीला दरात सवलतही हवी होती.

दशांशने नऊ पानी टिपण लिहिलं. एवढ्या मोठ्या ग्राहकांचा वेगळा वर्ग करा. त्यांनी जेवढी वीज मागितली तेवढ्या विजेचे पैसे, ती वापरोत न वापरोत, पंधरा वर्षं भरण्याची लेखी हमी घ्या. नाहीतर ते मध्येच निघून गेले की उपकेंद्राचा खर्च बाकीच्यांच्या बिलात जाईल. हे कलम त्याने तीनदा पुसून लिहिलं होतं.

सुनावणीला हॉल अर्धा रिकामा होता. पुढच्या रांगेत कंपनीचे सात वकील. बोलायला नाव दिलेल्या साध्या ग्राहकांत बहीणही होती. लाँड्रीतून तशीच आलेली, बाह्या ओल्या. भाऊ आयोगात आहे हे तिने कोणाला सांगितलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही.

“मला कायद्यातलं काही कळत नाही,” ती माइकसमोर म्हणाली. “एवढंच विचारते. त्यांच्यासाठी खांब उभे करणार. उद्या ते गेले, तर ते खांब कोणाचे?”

कंपनीचा मुख्य वकील हसून म्हणाला, “आम्ही जाण्यासाठी येत नाही आहोत.” हॉलमध्ये दोनचार जण हसले.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि दशांशकडे वळले. “दर विभागाला यावर काही सांगायचंय?”

तो उभा राहिला. सगळे आकडे तोंडपाठ होते. पण वकिलांच्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

“टिपण दाखल केलेलं आहे, साहेब,” तो म्हणाला आणि खाली बसला.

दीड महिन्याने निकाल आला. वेगळा वर्ग झाला, सवलतही मिळाली. हमीबद्दल एकच ओळ होती: गुंतवणुकीला बाधा येऊ नये म्हणून ही अट तूर्त स्थगित.

केंद्र उभं राहिलं, दोन वर्षं चाललंही. मग कंपनीला दुसरीकडे याहून स्वस्त वीज मिळाली. संगणक ट्रकमधून गेले. पत्र्याच्या लांबलचक शेड उरल्या, आणि उपकेंद्रात कोणासाठीच नसलेली वीज गुणगुणत राहिली. नव्या दरांचं कोष्टक करायचं काम दशांशकडेच आलं. त्याने उपकेंद्राचा खर्च सगळ्या ग्राहकांत वाटला. आकडा बरोबर निघाला.

दर जाहीर झाले त्या संध्याकाळी तो लाँड्रीत गेला. चादरी वाळवणारं मोठं यंत्र बंद होतं. बहीण चादरींच्या घड्या घालत होती.

“कळलं मला,” ती म्हणाली. “बस.”

“मी लिहिलं होतं गं. पानं आहेत माझ्याकडे.”

“लिहिलं होतंस, दादा. त्यांनी विचारलं तेव्हा बोलला नाहीस.”

“बोललो असतो तरी काही झालं नसतं.”

“नसतंही झालं,” ती म्हणाली. “पण मी तिथे उभी होते ना.”

त्याने चादरीची दोन टोकं धरली. थोडा वेळ दोघांनी मिळून घड्या घातल्या. मग ती म्हणाली, “राहू दे, तुझ्या तिरक्या होतायत.”

चार महिन्यांत तिने यंत्रं विकली. आता ती चादरी पाठवणाऱ्या त्या दोन दवाखान्यांपैकी एकाच्या धुलाईखान्यात पाळीने काम करते. तिच्याकडे कामाला असलेल्या दोन बायकांपैकी एकीला तिथे चिकटवलं, दुसरीचं जमलं नाही.

निवृत्तीआधी तीन आठवडे दशांशच्या टेबलावर नवा अर्ज आला. दुसरी कंपनी, तेच रिकामं उपकेंद्र, मागणी आधीपेक्षा दीडपट. कचेरीत पेढे वाटल्यासारखे चेहरे झाले. त्याने हमीचं कलम पुन्हा लिहिलं आणि या वेळी सुनावणीत स्वतः बोलायची परवानगी मागितली.

सचिवांनी कागद वाचला. कॅलेंडर बघितलं.

“सुनावणी पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे,” ते सहज म्हणाले. “तेव्हा तुम्ही कुठे असणार? टिपण ठेवून जा.”

तो ठेवून गेला.