डिकीतला वास

कुपवाडला आप्पासोंच्या गॅरेजात चांदसाहेब मिस्त्री सव्वीस वर्षं काम करत होते. इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती पार जतपर्यंत होती. मग दोन वर्षांपूर्वी आटपाडीचा रविराज पुण्यात कोर्स करून, लॅपटॉप घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग हायब्रिड गाड्या यायला लागल्या. त्या मेल्या सिग्नलला उभ्या राहिल्या की इंजिनच बंद करतात आणि गुपचूप बॅटरीवर निघतात. जी गाडी आवाजच करत नाही, तिचं दुखणं कानानं ओळखायचं कसं? रविराज एक वायर जोडायचा, पडद्यावर कोड यायचा आणि गिऱ्हाईक देवाचा कौल मिळाल्यासारखं मान डोलवायचं.

तो पोरगा चांदसाहेबांच्या डोळ्यांत सलत होता. निदान उर्मट तरी असता, म्हणजे मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या. पण तो "चाचा, चहा घेतला का?" असं अदबीनं विचारायचा आणि यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात त्या दिवशी बाळासो आले. जतकडचे मेंढ्यांचे व्यापारी. पहिल्या जीपपासून त्यांची प्रत्येक गाडी चांदसाहेबांच्याच हाताखालून गेलेली. त्यांच्या पोरानं हौसेनं घेतलेली हायब्रिड बंद पडली म्हणून त्यांनी दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणली होती. उतरले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "ते लॅपटॉपवालं पोरगं हाय का?"

चांदसाहेब समोरच उभे होते. त्यांनी हातातला पाना फडक्यानं पुसला आणि रविराजकडे बोट दाखवलं.

रविराजनं तासभर तपासलं. मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारं मॉड्यूल उत्तरच देत नाही, म्हणाला. ते गेलं असणार, नवं मागवावं लागेल. एवढं सांगून तो जेवायला गेला, तशी चांदसाहेबांनी डिकी उघडली. उघडताच वास आला. मेंढरांच्या मुताचा वास. कितीही धुतला तरी जात नाही. बाळासो या नव्याकोऱ्या गाडीतून कोकरं नेत असणार आणि सुनेला कळू नये म्हणून वर पाइप लावून डिकी धूत असणार. चांदसाहेबांनी स्टेपनी बाहेर काढली, खालची चटई उचलली. मॉड्यूलकडे जाणाऱ्या वायरींचा जोड हिरवागार पडला होता, आतल्या पिना कुजल्या होत्या. मॉड्यूल बिचारं ठणठणीत होतं. त्याला करंटच धड पोचत नव्हता. जोड बदलला की काम संपलं. अर्ध्या दिवसाचं काम.

चांदसाहेबांनी चटई पुन्हा अंथरली, स्टेपनी बसवली आणि डिकी लावून टाकली. घालू दे नवं मॉड्यूल, त्यांच्या मनात आलं. महिनाभरात गाडी परत उभी राहील, मग बघू लॅपटॉपची अब्रू.

संध्याकाळी बाळासोंनी त्यांना नळाजवळ बाजूला घेतलं. "मिस्त्री, पोरगं म्हनतंय मॉड्यूल बदलायचं. लय महाग हाय. तुमी काय म्हनता?"

उत्तर जिभेवर होतं. पण सकाळचा तो प्रश्न अजून कानात घुमत होता. "पोरानं बघितलंय की," चांदसाहेब म्हणाले. "घाला." बाळासोंनी मान हलवली आणि आत जाऊन होकार देऊन टाकला.

नवं मॉड्यूल बसवताना वायरी ओढल्या गेल्या आणि तो कुजका जोड तेवढ्यापुरता धरला. गाडी सुरू झाली. आप्पासोंनी सगळ्यांसमोर रविराजची पाठ थोपटली. चांदसाहेब रोज मनातल्या मनात दिवस मोजत राहिले.

पाचव्या आठवड्यात गाडी परत टोचन करून आली. या वेळी रविराजनं लॅपटॉप बाजूला ठेवला आणि एकेक वायर हातानं चाचपत डिकीपर्यंत आला. चटई उचलून तो खाली बसला. धनगराचंच पोर ते. वासावरून त्याला सगळं उमगलं. उठून सगळ्यांदेखत तो बाळासोंना म्हणाला, "चूक माझी हाय, काका. मी कोडवर इसंबलो. आधी हे बघायला पायजे हुतं."

याच क्षणाची चांदसाहेब पाच आठवडे वाट बघत होते.

"तुझी कसली रं चूक," बाळासो म्हणाले. "तुज्या यंत्रानं सांगितलं, त्ये तू सांगितलंस. पर मी काय त्या यंत्रावर इश्वास ठेवून पैसं घातलं न्हाईत. मी मिस्त्रींना इचारलं. त्ये 'घाला' म्हनलं, म्हनून घातलं."

ज्या जागेसाठी चांदसाहेब दोन वर्षं जळत होते, ती कुणी घेतलीच नव्हती.

बाळासो त्यांच्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मिस्त्री, तवा तुमी डिकी बघितली न्हवती व्हय?"

"चाचांना मी इचारलंच न्हाई, काका," रविराज मध्येच म्हणाला. "त्यांनी कशी बघितली असंल?"

एक 'न्हाई' म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पोरानं वाट करून दिलीच होती. पण त्याच्या हातानं वाचायचं, हे चांदसाहेबांना त्या घडीलाही सोसवेना.

"बघितली हुती," ते म्हणाले.

बाळासो रविराजपाशी जाऊन उभे राहिले आणि गाडी कधी मिळेल ते त्याला विचारू लागले.