लाँड्रीच्या पुढे

फोरमन सकाळपासून शेडमध्ये मोटरसायकलशी झटत होते. तसे ते आता कुणाचेच फोरमन नव्हते. कारखाना सुटून जमाना झाला होता, पण गल्लीनं नाव काही काढून घेतलं नव्हतं. गाडीही त्यांच्याइतकीच मुरलेली, आणि हल्ली रोज कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी मान टाकायची.

पेट्रोल पोचत नव्हतं, एवढं नक्की. पण का? लाँड्रीपाशी झाकण उघडून बघावं, तर टाकीत पेट्रोल मजेत डुचमळतंय. झाकण लावून किक मारली की बया लगेच चालू, ती नेमकी घरी परतण्यापुरती. त्यांनी नळी बदलली, कॉकची जाळी धुतली, कार्ब्युरेटर खोलून फुंकला. तो त्यांनी कालही फुंकला होता आणि परवाही. हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि घरात कुणी तो विषय काढत नव्हतं.

मध्यंतरी ते असेच गाडी घेऊन गेले आणि परतीचा रस्ताच विसरले. अंधार पडल्यावर सापडले. थोरल्या मुलानं तेव्हाच सांगितलं, "पुन्हा असं झालं तर गाडी भंगारात."

"मग मलाही टाक त्यातच," फोरमन म्हणाले होते. थट्टा नव्हती ती. दिवसभर खुर्चीत बसायच्या नुसत्या विचारानं त्यांचा जीव घुसमटायचा. धाकटी मुलगी भावाशी कडाकडा भांडली, म्हणून गाडी वाचली.

"आज तुझा सोक्षमोक्ष," ते गाडीला म्हणाले आणि झाकण काढून उलटं केलं. झाकणात हवेचं बारीक छिद्र असतं. वरून हवा आत आली तरच पेट्रोल खाली उतरतं. ते छिद्र पांढऱ्या कशानं तरी बुजलं होतं. त्यांनी नखानं खरवडून वास घेतला. साबण!

मेण पेट्रोलमध्ये विरघळतं, साबण विरघळत नाही. गळकी टाकी साबणानं बुजवायची युक्ती त्यांनी घरात एकाच माणसाला शिकवली होती. धाकटी तेव्हा फ्रॉकमध्ये होती आणि दिवसभर त्यांच्या पान्यांत लुडबुडायची.

फोरमनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावाशी भांडायचं नाटक, आणि मागून बापाच्या पायात खोडा? त्यांनी सुई आणली, साबण कोरून काढला, छिद्रातून फुंकर मारून पाहिली आणि किक मारली.

लाँड्री आली तशी मागे गेली. लाँड्रीवाला इस्त्री सोडून हाका मारत रस्त्यावर आला. फोरमनांनी त्याला हात केला. कितीतरी दिवसांनी कानांत वारं भरलं होतं आणि त्यांना भारी आनंद झाला होता.

मग एक चौक आला. सिग्नल, बँक, औषधांचं दुकान. उजवीकडे जायचं की डावीकडे? त्यांनी वळून पाहिलं, तर आलो तो रस्ताही ओळखीचा वाटेना. ते एका रस्त्याला लागले आणि फिरून पुन्हा त्याच बँकेपाशी आले. दुसऱ्या रस्त्यानं गेले, तर ना बँक ना दुकान. गाडी मात्र बंद पडायचं नाव घेईना. आता बंद पड गं बाई, ते मनात म्हणाले. शेवटी टाकीखाली हात घालून त्यांनी स्वतःच पेट्रोलचा कॉक बंद केला. उरलंसुरलं पेट्रोल जाळून इंजिन गप्प झालं, आणि ते फुटपाथवर बसून राहिले.

लाँड्रीवाल्याचा धाकटीला फोन गेलाच होता. गल्लीबोळ पालथे घालत ती स्कूटरवरून आली तेव्हा तिचे डोळे रडून लाल झाले होते. ती समोर उकिडवी बसली.

"बाबा, मी दादाला काही सांगितलेलं नाही. चला घरी."

फोरमनांना खूप काही बोलायचं होतं. सगळा राग तोंडाशी आला होता. त्यांनी खिशातली सुई काढून तिच्या हातावर ठेवली.

"साबण वाळला होता," ते म्हणाले. "ओला करून नीट दाबून लाव. सुटायला नको."