तिसरी हाक

मी एक फार जुने क्रियापद आहे. माझे मूळ रूप कोणी लिहून ठेवले नाही. स्लाव लोकांच्या भाषांतली माझी मुले शेजारी शेजारी बसवून, त्यांच्या नाकाडोळ्यांवरून विद्वानांनी माझा चेहरा जुळवला आणि मला ‘झुवाती’ म्हटले. प्रत्यक्ष कोणी पाहिले नाही, म्हणून माझ्यापुढे एक तारा काढतात. हाक मारणे, घरी बोलावणे, नाव असणे हे माझे अर्थ. तुमचे ‘आव्हान’ माझ्या दूरच्या नात्यातले. तेही मुळात बोलावणेच.

मित्रांनो, बेलारूसमधल्या दलदलीकाठच्या एका गावात माझे एक लेकरू अजून राबते. तिथे शरद ऋतूत पितरांना जेवायला बोलावतात. दार किलकिले ठेवतात, मध घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा पहिला चमचा त्यांच्यासाठी काढतात आणि जेवण झाले की त्यांना शब्दांनी परत पाठवतात.

त्या गावातल्या अपानासची बायको उल्याना एका वसंतात वारली. त्या शरदातल्या जेवणाला त्याने इतर कोणा पितराला बोलावलेच नाही. म्हणाला, “उल्याना, तुला बोलावतोय.” जेवण संपले तसा तो उठून भांडी आवरू लागला. त्याची थोरली बहीण तेक्ला म्हणाली, “पाठवणीचं बोल की.”

“नाही बोलणार. राहू दे तिला.”

“जिवंत होती तेव्हा कधी बस म्हणाला नाहीस. आता बरा पाहुणचार सुचतोय.”

तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून कुत्रा घरात येईना. चुलीवरून उतरवलेले सूप वाटीत पडताच गार होई. अपानासला मात्र बरे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दलदलीकाठी सरपण गोळा करत होता. “अपानास,” कोणीतरी हाक मारली. तिथली माणसे न दिसणाऱ्या माणसाच्या पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत; हाक मेलेल्याची असली तर ओ देणाऱ्याला ती सोबत घेऊन जाते. तिसरी हाक जिवंत माणसाचीच असते, असे ते मानतात. तो थांबला. दुसरी आली. मग तिसरीही आली, उल्यानाच्या आवाजात.

त्याने घरी बोलावले होते, म्हणून तिला तिसरी हाक मारता आली. तिच्या तोंडात मीच होतो. हाकेत राग नव्हता. ती रोज जेवायला बोलवायची, तशीच बोलवत होती. मला त्याचीच भीती वाटली.

अपानास शेवाळावर उतरला. काळे पाणी गुडघ्यापर्यंत आले. ओ द्यायला तोंड उघडले आणि तो थबकला. हाक एकदा डावीकडून येत होती, एकदा उजवीकडून. उल्यानाला परतीची वाट सापडत नव्हती. वाट कोणी सांगितलीच नव्हती.

“जेवलीस ना, उल्याना?” तो म्हणाला. “आता तुझ्या घरी जा. मी इथेच राहतो.”

पुन्हा हाक आली नाही. तो काठावर येऊन बसला आणि खूप रडला.

मित्रांनो, मला जपून वापरा. ज्याला ओ देता येते, त्याला आजच हाक मारा. आणि ज्याला येत नाही, त्याला दारात ताटकळत ठेवू नका.