आधी दुर्बीण

धाकटीचं काम बिघडलेले आवाज दुरुस्त करायचं. घसा बसलेले शिक्षक, ओरडून ओरडून आवाज फाटलेले विक्रेते, सगळे इस्पितळातल्या तिच्या चिंचोळ्या खोलीत येत आणि तिला ‘आवाजाच्या बाई’ म्हणत. टेबलामागे तिनंच लिहून लावलेली पाटी होती: ‘आधी दुर्बीण, मग व्यायाम.’ घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून स्वरतंतू बघितल्याशिवाय ती कुणाला व्यायाम देत नसे. एकदा एक बडा वकील घाई करायला लागला, तर त्यालाही तिनं आल्या पावली परत पाठवलं होतं.

आणि आता त्याच डॉक्टरांच्या दाराबाहेर ती बाकावर बसली होती. शेजारी तिची ताई.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! बारा आठवड्यांपूर्वी ताईचा आवाज घोगरा झाला. ताई शाळेत शिकवते, तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांवर ओरडतेय. ‘मास्तरणीचा घसा तो, गाठी आल्या असणार,’ असं धाकटीनं फोनवर आवाज ऐकूनच ठरवून टाकलं. ताईला नाकात नळी घालून घ्यायची भीती होतीच, ती म्हणाली, “तू आहेस ना घरची! कशाला डॉक्टर?” आणि धाकटी विरघळली. पाटी राहिली इस्पितळात. ताईच्या स्वयंपाकघरात पेल्यात पाणी भरून, त्यात नळीनं बुडबुडे काढायचे व्यायाम सुरू झाले.

दर रविवारी ती ताईला एका दमात लांब ‘आ’ म्हणायला लावी आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करी. पहिल्या रविवारी अकरा सेकंद भरले. मग दहा. मग आठ. धाकटी ताईवरच चिडायची, “तू करतच नाहीस व्यायाम! टंगळमंगळ नुसती!” ताई बिचारी मान खाली घालून पुन्हा बुडबुडे काढायची. परवा सहा भरले. आणि तेव्हा कुठे आवाजाच्या बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला की व्यायामानं आवाज सुधारायचा, तर हा घसरतोय. घसरतोय म्हणजे आत दुसरंच काही असू शकतं. ते दुसरं काय असू शकतं याची यादी तिला तोंडपाठ होती, आणि त्या यादीतलं शेवटचं नाव तिला मनातसुद्धा घ्यायचं नव्हतं.

“या,” डॉक्टरांनी बोलावलं. बारा वर्षांचे सहकारी ते, धाकटीवर डोळे मिटून विश्वास ठेवणारे.

ताई खुर्चीत ताठ बसली. दुर्बीण आत गेली तशी तिनं धाकटीचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. पडद्यावर दोन स्वरतंतू उघडत-मिटत होते. उजवा पांढरा, गुळगुळीत. डाव्याची कड लालसर, खरबरीत. धाकटीनं असे शेकड्यांनी पाहिले होते, पण ताईचा पहिल्यांदाच.

“कधीपासून आहे हे?” डॉक्टरांनी नळी काढत विचारलं. “दोनेक आठवड्यांचं असेल तर नुसती सूज असू शकते. सर्दीनंतर येते अशी. औषध घ्या, बोलणं बंद ठेवा, महिन्यानं पुन्हा बघू.”

“झाले असतील पंधरा दिवस,” ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. “हिला तर मी आत्ताच सांगितलं.”

धाकटीनं चमकून बघितलं. ताईचा चेहरा कसा शांत! लहानपणी धाकटीनं शेजाऱ्यांची काच फोडली तेव्हाही ताई अश्शीच उभी राहिली होती, ‘मी फोडली’ म्हणून, आणि दोन थपडाही खाल्ल्या होत्या. आयुष्यभर या बाईनं धाकटीच्या चुकांवर पांघरूण घातलं. आताही घालत होती, आणि शिवाय स्वतःची सुटकाही बघत होती. महिनाभर कुणी काही कापणार नव्हतं.

गप्प बसलं की झालं. पाटीची अब्रू राहिली असती, नोकरीवर आच आली नसती. पण एक महिना! आधीच तिनं तीन घालवले होते.

धाकटीनं मोबाइल काढला. मग खोलीत ताईचा ‘आ’ घुमला, पहिल्या रविवारचा, अकरा सेकंदांचा.

“तारीख बघा,” ती म्हणाली. “बारा आठवडे झाले. मी दुर्बिणीशिवाय व्यायाम दिले. ती खोटं बोलतेय, माझ्यासाठी.”

डॉक्टर तिच्याकडे वळले. “तुम्ही? मॅडम, तुम्ही?” एवढंच म्हणाले. यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी कागद ओढला. “उद्या सकाळी आठला, उपाशीपोटी या. भूल देऊन तुकडा काढू आणि तपासायला पाठवू. तोवर एक शब्द बोलायचा नाही.”

बाहेर येऊन दोघी पुन्हा त्याच बाकावर बसल्या. धाकटीला रडू आवरेना. “मला माफ कर गं ताई. घरचं म्हणून मी डोळेझाक केली. परक्या वकिलाला परत पाठवलं आणि तुला...”

ताईनं एकदम तिच्या तोंडावर हात ठेवला. रागावली होती, ते डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. घाबरली होती, तेही. तिनं पर्समधून पेन काढलं, डॉक्टरांचा कागद उलटा केला आणि फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरांत लिहिलं:

‘चोंबडी ती चोंबडीच! लहानपणापासून तुझ्या पोटात काही राहत नाही.’

धाकटी रडता रडता हसली. मग ताईनं खाली आणखी एक ओळ लिहिली आणि कागद धाकटीच्या मांडीवर ठेवला:

‘तुकड्यात जे निघेल ते मला तूच सांग. बाकीचे लपवतील.’