अडीच फुटांचा चष्मा

बाबांचा चष्मा तिसऱ्यांदा परत आला तेव्हा माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक असतं तर गोड बोलले असते, पण सख्ख्या बापाशी गोड बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

"अजून पुसटच दिसतंय," काउंटरवर डबी ठेवत ते म्हणाले. "काचा बसवणारीचा हात बिघडलाय."

हे चष्म्याचं दुकान त्यांनीच उभं केलेलं. चाळीस वर्षं लोकांचे नंबर काढले आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा माझ्या हवाली केलं. धंद्याचा पहिला धडाही त्यांचाच. नंबर काढण्याआधी विचारायचं, चष्मा लावून बघायचंय काय, आणि किती अंतरावरून? शिंप्याचा चष्मा वेगळा, ड्रायव्हरचा वेगळा. नियमाप्रमाणे मी त्यांनाही विचारलं होतं. "टीव्हीवर खाली अक्षरं येतात ती," ते म्हणाले होते. "आठ फुटांवरून." मी आठ फुटांचा चष्मा केला. दुकानातल्या तक्त्यावरची बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचून दाखवली. घरी गेले की पुसट!

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. धाकट्या भावाचा फोन आला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यानं घरात सांगितलं की आपलं एका पुरुषावर प्रेम आहे आणि त्याच्याबरोबरच राहणार आहे. तो माणूस शाळेत गणित शिकवतो. भाऊ त्याला मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. बाबा तेव्हा ओरडले नाहीत, की घराबाहेर काढलं नाही. भरल्या ताटावरून उठले आणि तोंडात मिठाची गुळणी धरली, ती आजतागायत. आई गेली तेव्हा भाऊ आला, मास्तरांना बाहेर गाडीत बसवून. त्या दिवशीसुद्धा बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आता तो फोनवर म्हणाला होता, "ताई, रविवारी आम्ही दोघं तिकडूनच जाणार आहोत. घरी येऊ का, एवढं बाबांना विचार. नाही म्हणाले तर पुन्हा कधी विचारणार नाही. दमलो गं मी आता."

गुरुवार उजाडला तरी मी विचारलं नव्हतं. दिवसभर लोकांना 'हे बरं दिसतंय की ते?' विचारणारी मी, पण हा एक प्रश्न मला विचारवेना. बाबा नाही म्हणाले की भाऊ कायमचा हातचा जाणार, आणि तो निरोप माझ्याच तोंडून जाणार. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

निदान चष्म्याचा तरी सोक्षमोक्ष लावावा म्हणून त्या दिवशी दुपारी दुकानाला कुलूप घातलं, पर्समध्ये टेप टाकली आणि न सांगता घरी गेले. किल्ली माझ्याकडे होतीच.

आठ फुटांवरची खुर्ची रिकामी होती. बाबा बुटक्या स्टुलावर, टीव्हीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवून बसले होते. टेप काढायची गरजच नव्हती. अडीच फूट! आठ फुटांचा चष्मा लावून अडीच फुटांवर बसलं तर ब्रह्मदेव आला तरी पुसटच दिसणार. चाळीस वर्षं लोकांना नीट अंतर सांगा म्हणून झापणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीला खोटं अंतर सांगितलं होतं, आणि मुलीनंही बापावर विश्वास ठेवून मापच घेतलं नव्हतं.

आवाज इतका बारीक की पंखा त्याच्यावर मात करत होता. पडद्यावर पांढऱ्या शर्टातली दोन मुलं वाचनालयात बसली होती. एक दुसऱ्याच्या खांद्यावर झोपला होता आणि दुसरा त्याची झोप मोडेल म्हणून पुस्तकाचं पान उलटत नव्हता.

मला बघून बाबा दचकले. घाईघाईत रिमोटचं भलतंच बटण दाबलं गेलं आणि चित्र तिथंच थांबलं.

"बातम्या बघत होतो," ते म्हणाले.

"छान आहेत बातम्या."

चोराच्या मनात चांदणं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"थाई मालिका आहे," शेवटी ते म्हणाले. "आपोआप लागली एकदा."

"आणि मग?"

"मग मी लावली. हा आठवा भाग. पाचव्यांदा बघतोय."

मी खाली जमिनीवर बसले. "काय आहे एवढं त्यात?"

"काहीच नाही. कुणी मरत नाही, मारामारी नाही. नुसता हात धरायला सहा भाग घेतले कार्ट्यांनी! मी इथं बसून ओरडत होतो, अरे धर की बाबा एकदाचा! आणि धरला तेव्हा मलाच रडू आलं." त्यांनी थांबलेल्या चित्राकडे बघितलं. "आयुष्यभर माणसांच्या डोळ्यांत बघत आलो, पण नंबरासाठी. माणूस माणसाकडे असं बघतो, ते माझ्या घरात घडत होतं तेव्हा मी बघितलं नाही."

"पण आवाजासाठी एवढं जवळ बसायचं कशाला? भाषा तर कळत नाही."

"आवाज तर कळतो. मोठा केला की शेजारीण विचारणार, काय बघता म्हणून."

"आणि नववा भाग का नाही बघत?"

"नवव्यात त्या मुलाचा बाप येतो. आठव्याच्या शेवटी दारात उभा राहतो तो." बाबांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "बाप काय करतात ते मला माहितीये."

मी नववा भाग लावला.

बाप गॅरेजवाला होता, आडदांड, हात तेलानं काळे. मुलगा दारातून दोन पावलं मागे सरकला होता, त्याचा मित्र खाली मान घालून उभा होता. बापानं फडक्याला हात पुसले, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि मित्राला विचारलं, "हा सकाळी लवकर उठत नाही. चालेल ना तुला?" झालं. पुढच्या प्रसंगात तिघं मिळून मोटरसायकल खोलून बसले होते.

"खोटं आहे सगळं!" बाबा एकदम ओरडले. "असा बाप असतो का कुठं? चार मिनिटांत?"

"नसतो," मीही ओरडले. "म्हणूनच लोक पाच-पाचदा बघतात!"

बोलून गेले आणि मग थांबता येईना. "बाबा, ते दोघं रविवारी घरी येऊ का विचारतायत. नाही म्हणालात तर तो पुन्हा विचारणार नाही. आठवडा झाला, मी तुम्हाला विचारायला घाबरतेय."

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, गेलं सगळं.

"फोन लाव," ते म्हणाले.

"मी सांगते ना त्याला..."

"तू नको. मला दे."

मी फोन लावला, स्पीकर चालू करून त्यांच्या हातात दिला. ऐकल्याशिवाय राहवणार नव्हतं.

"हं, ताई," भाऊ म्हणाला.

"मी आहे."

बाबांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"ऐकतोयस ना? मी फार वाईट वागलो तुझ्याशी." बाबांचा आवाज फाटला. "आई गेली त्या दिवशी तो मुलगा दिवसभर गाडीत बसला होता. मी खिडकीतून बघत होतो. मला आत बोलवता आलं असतं. नाही बोलवलं."

पलीकडे काहीतरी खडखडलं, आणि मग या घरानं कधीच न ऐकलेला एक आवाज आला.

"काका, मी बोलतोय. त्याला बोलता येत नाहीये, तो रडतोय. काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, काही सुचवलं नाही. बोलायचं होतं ते त्यांनाच.

"मी बरा आहे," ते म्हणाले. "रडू दे त्याला जरा. तू सांग, रविवारी किती वाजता पोचताय?"